सातव्या आठवड्यातलं एकटेपण: छोट्या अमेरिकन कॉलेजात माणसं कशी जोडायची

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकची एक मुलगी अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये, साधारण १,८०० विद्यार्थ्यांच्या एका लिबरल आर्ट्स कॉलेजात (विविध विषय शिकवणाऱ्या छोट्या पदवी कॉलेजात) पहिल्या वर्षाला आहे. ऑगस्टच्या शेवटी आली, आता सात आठवडे झाले. अभ्यास जमतोय. पण सगळ्यांचे ग्रुप होऊन गेले आणि आपण बाहेर राहिलो असं तिला वाटतं. रूममेट स्वभावाने चांगली आहे, पण ती सॉकर टीममध्ये असल्यामुळे दिवसभर टीमबरोबर असते. ही जेवण डब्यात भरून खोलीवर आणते. एक-दोन पार्ट्यांना गेली, करमलं नाही. रोज रात्री आईशी तासभर बोलते. "मी कुणाला नकोशी आहे असं नाही, पण कुणाला माझी गरजही नाही," असं तिने लिहिलंय. पुढच्या वर्षी एखाद्या मोठ्या युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर घ्यावी का, हा तिचा प्रश्न.

मी अशा छोट्या कॉलेजांत आधी डॉर्मचं, म्हणजे वसतिगृहाचं, आणि नंतर परदेशी विद्यार्थ्यांच्या सल्लागाराचं काम बरीच वर्षं करत आले आहे. तेव्हा तुला सरळ सांगते.

"कुणाला माझी गरज नाही" हे तू कळवळून लिहिलंस, आणि मला वाटतं तू दुखऱ्या जागेवर नेमकं बोट ठेवलंस. छोट्या कॉलेजात माणूस रुळतो तो त्याची कुठेतरी गरज पडायला लागली की. मंगळवारी चारला अमुक ठिकाणी ती असते, ती नसेल तर कुणीतरी विचारतं "आज ही आली नाही?", इतपत झालं की पुढचं बरंचसं आपोआप होतं. गप्पा मारण्यात हुशार असावं लागत नाही, इंग्रजी झोकात बोलावं लागत नाही. तू आजवर दोन महिने मैत्री शोधलीस. आता थोडे दिवस ती बाजूला ठेव आणि काम शोध.

पण आधी त्या "झालेल्या" ग्रुपांबद्दल बोलू, कारण त्यांच्याकडे बघून तू स्वतःला कमी लेखायला लागली आहेस. ऑक्टोबरमध्ये जे ग्रुप दिसतात ते बहुतेक ओरिएंटेशनच्या आठवड्यातले असतात. एका मजल्यावरची सहा-सात मुलं, एकटं पडू नये म्हणून एकमेकांना धरून राहिलेली. जेवायला एकत्र, लायब्ररीत एकत्र, दात घासायलाही एकत्र. बाहेरून बघताना जन्मजन्मांतरीची मैत्री वाटते. त्यातलीच मुलं माझ्या खोलीत येऊन सांगतात की या ग्रुपमध्ये मला मोकळं वाटत नाही, पण सोडलं तर कुठे जाऊ? हे मी दर वर्षी ऐकते. जानेवारीनंतर वर्ग बदलतात, वेळा बदलतात, सुट्टीत माणसं स्वतःच्या घरी राहून थोडी शांत होऊन येतात, आणि यातले कितीतरी ग्रुप कुणी न भांडता विरघळतात. टिकणाऱ्या मैत्र्या त्यानंतर जमायला लागतात. तू उशीर केलेला नाहीस.

तुझ्या रूममेटचंही समजून घे. ही कॉलेजं बहुतेक कॉलेज-खेळांच्या डिव्हिजन थ्री या गटात खेळतात, म्हणजे खेळासाठी शिष्यवृत्ती मिळत नाही, तरी खेळणाऱ्यांचं प्रमाण मोठं असतं. अ‍ॅम्हर्स्ट, विल्यम्ससारख्या कॉलेजांत साधारण एक-तृतीयांश विद्यार्थी कुठल्या ना कुठल्या कॉलेज टीममध्ये असतात. मोठ्या युनिव्हर्सिटीत हेच प्रमाण नगण्य होतं. सॉकरसारख्या फॉलमधल्या खेळांच्या टीम इतरांच्या आधी, ऑगस्टमध्येच सरावासाठी येतात. म्हणजे तू बॅगा घेऊन दारात उभी होतीस तेव्हा तिची वीस-पंचवीस माणसं आधीच ठरली होती. त्यात तुला टाळण्याचा काही भाग नाही. आणि एक व्यवहाराची गोष्ट: सॉकरचा सीझन साधारण नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात संपतो. त्यानंतर या मुलींना संध्याकाळी काय करावं ते कळेनासं होतं, इतका वेळ एकदम मोकळा होतो. त्या आठवड्यात तिला जेवायला चल म्हण. आत्ता विचारून नकार आला म्हणून गप्प बसू नकोस.

आता जेवणाकडे येते, कारण तुझं पत्र वाचताना मी सगळ्यात जास्त तिथे थांबले. डबा भरून खोलीवर नेणं बंद कर. गावात दुसरीकडे जायला फारसं काही नसतं, पहिल्या वर्षाच्या जवळजवळ सगळ्यांकडे मील प्लॅन असतो, आणि बऱ्याच ठिकाणी मोठा डायनिंग हॉल एकच. कॉलेजचं सामाजिक आयुष्य त्या हॉलमध्ये घडतं. आपली मुलं तिथे दोन गोष्टींमुळे अडतात.

एक म्हणजे वेळ. तुला घरी साडेआठ-नऊला जेवायची सवय. हॉल आठच्या सुमारास बंद होतो आणि खरी गर्दी साडेपाच ते साडेसहाची. आपली मुलं पावणेआठला पोचतात, तेव्हा टेबलं पुसायला सुरुवात झालेली असते, भाज्यांचे ट्रे तळाला गेलेले असतात आणि बसलेले चार लोक लॅपटॉप उघडून बसलेले. मग वाटतं, इथे कुणी कुणाशी बोलत नाही. पावणेसहाला जा. पोटाला लवकर वाटलं तर थोडं कमी खा आणि रात्रीसाठी एक केळं उचलून आण, पण त्या वेळेला तिथे अस.

दुसरी अडचण भिडेची. आपल्याकडे कुणी "या, बसा" म्हटल्याशिवाय दुसऱ्याच्या पानावर जाऊन बसत नाहीत, आणि म्हटल्यावरही एकदा "नको, नको" करायची रीत आहे. इथे कुणी "ये, बस" म्हणणार नाही. ताट घेऊन टेबलाजवळ जायचं, इथे बसू का असं विचारायचं, ते हो म्हणतात, बसायचं. एवढंच. नकार जवळपास येत नाही. आग्रह नाही म्हणजे आपण नको आहोत असं आपल्या मनाला लगेच वाटतं, ही सवय मोडायला वेळ लागतो, पण मोडते. सुरुवातीला ओळखीच्या एका चेहऱ्याजवळ बस: ज्याच्याबरोबर केमिस्ट्रीची लॅब असते तो, किंवा तुझ्या मजल्यावरची कुणी. बोलायला विषय हवाच असेल तर वर्गातली त्या दिवसाची गोष्ट पुरते.

याच्याच जोडीला: "आपण कधीतरी लंचला भेटू" असं इथे खूप जण म्हणतात आणि मग भेटत नाहीत. पुण्यात "या एकदा घरी" म्हणतात तसंच ते, त्यात फसवणूक शोधू नकोस. पण त्या वाक्यावर लगेच दिवस ठरवता येतो. "गुरुवारी बाराला मी मोकळी आहे, तू?" असं तिथल्या तिथे विचार. ज्याच्या मनात खरंच असेल तो फोन काढून कॅलेंडर बघतो. इथली मुलं वेळ ठरवल्याशिवाय भेटत नाहीत, जिवलग मैत्रिणीसुद्धा, त्यामुळे वेळ मागण्यात लाचारी काहीच नाही.

आईच्या फोनबद्दल आता. आईशी बोलू नकोस असं मी कधीच सांगणार नाही. पण वेळ बदल. तुझ्याकडे सेंट्रल टाइम आहे असं धरते. आत्ता नाशिक तुझ्यापुढे साडेदहा तास आहे, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं मागे गेली की साडेअकरा तास होईल. तू रात्री नऊला बोलतेस तेव्हा आईची सकाळ असते, चहा झालेला असतो, तिला सोयीचं जातं. पण रात्री नऊ ते अकरा हाच डॉर्मचा जिवंत वेळ असतो. कॉमन रूममध्ये कुणीतरी पॉपकॉर्न केलेले असतात, कुणी उद्याचं असाइनमेंट घेऊन जमिनीवर बसलेलं असतं, कुणी दार उघडं टाकून गाणी लावलेली असतात. तू त्याच दोन तासांत दार लावून बसतेस. फोन सकाळी आठचा कर. तेव्हा नाशिकला संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. बाबाही घरी आलेले असतील. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी हा एकच बदल आधी करायला सांगते, आणि महिन्याभरात फरक दिसतो. रात्री खोलीत असशील तेव्हा दार उघडं ठेव. उघड्या दाराचा अर्थ इथे सगळ्यांना कळतो.

मग काम. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत नोकरी करता येते. पहिल्या वर्षी ८ ते १० तास पुरे. लायब्ररीचं सर्क्युलेशन डेस्क, आयटी हेल्पडेस्क, नाटकाच्या थिएटरमधलं सेटचं वर्कशॉप, जिमचं काउंटर, आणि सगळ्यात वरचढ म्हणजे डायनिंग हॉल. आपल्याकडच्या आईवडिलांना मुलीने ताटं उचलावीत हे सुरुवातीला रुचत नाही, हे मला माहीत आहे. पण डायनिंग हॉलमध्ये सूप वाढणाऱ्या मुलीला दोन महिन्यांत अर्धं कॉलेज नावाने ओळखतं. शिवाय ती शिफ्ट तिची एकटीची नसते: सोबत तिसऱ्या वर्षाचा फिलॉसॉफीवाला असतो, गावातल्या एक काकू असतात ज्या तिथे वर्षानुवर्षं काम करतात आणि कुठल्या मुलाला काय आवडतं ते सगळं जाणून असतात. प्राध्यापकांच्या आधी अशा काकूंनीच "ही मुलगी चार दिवस जेवायला दिसली नाही" असं मला येऊन सांगितल्याचं मी अनुभवलंय. त्या माणसांशी ओळख ठेव.

पैशाचं काम नको असेल तर बिनपैशाचं घे, पण त्यात वेळ ठरलेली हवी. ऑगस्टमधल्या क्लबांच्या जत्रेत तू बारा ईमेल यादीत नाव टाकलं असशील आणि एकाही ठिकाणी गेली नसशील. बहुतेकांचं हेच होतं. बारातून एक निवड. मोठा नको, आठ-दहा माणसांचा, जिथे हाताला काम असतं. कॉलेज रेडिओवर आठवड्याचा एक तास, साप्ताहिक वर्तमानपत्राची पानं लावण्याची बुधवार रात्र, कम्युनिटी गार्डन, गावातल्या शाळेत मुलांना वाचन शिकवणं. भाषणं ऐकायला जमणारे क्लब, वादविवाद आणि "नेटवर्किंग" यांच्यापेक्षा बटाटे सोलण्याचे क्लब बरे, असं माझं ठाम मत आहे.

बटाटे सोलणं मी खरंच म्हणतेय. ओहायोतल्या ओबरलिन कॉलेजात विद्यार्थ्यांनीच चालवलेल्या सहकारी खाणावळी आहेत. तिथे मुलंच स्वयंपाक करतात, भांडी घासतात, सामान मागवतात, आणि प्रत्येकाच्या वाट्याला आठवड्याचे ठरावीक तास येतात. मिनेसोटातल्या नॉर्थफील्डला कार्ल्टन कॉलेज आहे, सुमारे २,००० विद्यार्थ्यांचं. तिथे डेसी मोझेस नावाच्या बाईंनी आपलं घर विद्यार्थ्यांसाठी कायम उघडं ठेवलं होतं. १९८१ साली त्या वारल्या आणि घर कॉलेजकडे आलं. आजही कुणीही विद्यार्थी तिथे जाऊन कुकीज भाजू शकतो. मैदा, साखर, लोणी तिथेच असतं. आपण भाजायच्या आणि इतरांसाठीही ठेवायच्या. लाजाळू मुलांसाठी याच्याइतकी शहाणी सोय मी दुसरी पाहिली नाही. पीठ मळताना नजरेला नजर द्यावी लागत नाही, बोलणं थांबलं तरी अवघडल्यासारखं होत नाही, आणि तासाभराने सगळ्यांच्या हातात काहीतरी असतं.

तुझ्या कॉलेजात असं घर नसेल, पण डॉर्मचं स्वयंपाकघर असेल. रविवारी दुपारी पोहे कर. बटाटेपोहे करायला अवघड नाहीत, तिखट कमी करता येतं, आणि शाकाहारी, व्हेगन असे सगळे खाऊ शकतात. ग्लुटेन टाळणारं कुणी असेल तर हिंग घालू नकोस, त्यात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं. (शेंगदाणे मात्र वेगळे ठेव आणि आधी विचार. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी इथे जिवावर बेतू शकते.) जाड पोहे आणि कढीपत्ता जवळच्या शहरातल्या इंडियन दुकानात मिळतो, कॉलेजची व्हॅन अधूनमधून तिकडे जाते का ते इंटरनॅशनल ऑफिसात विचार. फोडणी करताना एक्झॉस्ट आधी लाव आणि तेल धुरावू देऊ नकोस. मोहरी-हिंगाच्या धुराने अलार्म वाजला की अख्खी इमारत रिकामी करतात आणि फायर ब्रिगेडची गाडी येते. आणि केलेलं खोलीत नेऊ नकोस, तिथेच मोठ्या भांड्यात ठेवून बस.

वर्गाबद्दल थोडं. या कॉलेजांत वर्ग पंधरा-वीसचे असतात आणि वर्गातली ओळखच पुढे बाहेर जाते. आयोवातल्या ग्रिनेलमध्ये तर पहिल्या सत्राचा ट्युटोरियल हाच सगळ्यांना सक्तीचा एकमेव कोर्स आहे. साधारण डझनभर मुलं, आणि शिकवणारा प्राध्यापकच तुम्ही मुख्य विषय ठरवेपर्यंत तुमचा सल्लागार. तुझ्याकडेही फर्स्ट इयर सेमिनार असेल. अकरावी-बारावीला शंभर मुलांच्या वर्गात मागे बसून लिहून घेतलेल्या मुलीला इथे तोंड उघडायला जड जातं. एक उपाय करून बघ: वाचून जाताना एक प्रश्न कागदावर लिहून ने आणि तासाच्या पहिल्या पंधरा मिनिटांत विचारून टाक. जितका वेळ थांबशील तितकं बोलणं अवघड होत जातं. प्रश्न विचारणारी मुलगी वर्ग सुटल्यावर एकटी चालत जात नाही. कुणीतरी तिच्या प्रश्नाचा धागा धरून सोबत येतं. प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सनाही (विद्यार्थ्यांना भेटायच्या त्यांच्या ठरलेल्या वेळांना) जा, अडलं नसलं तरी जा. सत्राच्या शेवटी घरी जेवायला बोलावणारे प्राध्यापक या कॉलेजांत अजून आहेत, आणि त्यांना ज्यांचा चेहरा माहीत आहे त्यांच्याशी त्यांचं बोलणंही मोकळं होतं.

एका बाबतीत सावध करते. आपल्याकडे वही देणं, जर्नल उतरवू देणं ही मैत्रीची खूण मानतात. इथे त्याची चौकशी होऊ शकते. गणितं एकत्र सोडवायची मुभा असते, लिहायचं मात्र स्वतःचं स्वतः. कुठे किती चालतं हे प्रत्येक कोर्सच्या सिलॅबसमध्ये लिहिलेलं असतं. कुणाचं मन मोडू नये म्हणून असाइनमेंटची फाइल पाठवणाऱ्या, स्वभावाने अतिशय चांगल्या मुली मी समितीसमोर बसलेल्या पाहिल्या आहेत. "एकत्र बसून करूया" म्हण, "घे माझं" म्हणू नकोस. एकत्र बसण्यातून मैत्री तशीही जास्त होते.

भारतीय मुलांबद्दल तू काही लिहिलं नाहीस, पण माझ्याकडे हा विषय नेहमी निघतो. साउथ एशियन क्लब असेलच. जा. दिवाळीला दिवे लावायला, पुऱ्या लाटायला मदत कर. होळी तिकडे बहुधा एप्रिलमध्ये खेळतात, कारण मार्चमध्ये हिरवळीवर बर्फ असतो. पण दोन गोष्टी माहीत असू देत. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात वाढलेली देशी मुलं आणि तू, यांत बरंच अंतर असेल. आडनाव कुलकर्णी असेल, "जेवलीस का" कळत असेल, पण तिची शाळा, तिचे विनोद, तिची काळजी वेगळी. तिने तुला लगेच जवळ केलं नाही तर मनाला लावून घेऊ नकोस. तिच्याही मनात तुझ्यासमोर आपलं मराठी कच्चं असल्याचा संकोच असतो. दुसरं, केवळ भारतीयांतच राहिलीस तर १,८०० माणसांच्या गावात तुझं गाव तीस-चाळीसांचं होतं. त्यात एक भांडण झालं की जायला जागा उरत नाही. नेपाळ, घाना, व्हिएतनामहून आलेली मुलं तुझ्यासारखीच घरापासून लांब आहेत, सुट्टीत कॅम्पसवर राहणारीही तीच. माझ्या पाहण्यात परदेशी विद्यार्थ्यांच्या सगळ्यात घट्ट मैत्र्या अशा आडव्या-तिडव्याच होतात. मराठी बोलायची तहान लागली तर शिकागो, मिनियापोलिससारख्या शहरांत मराठी मंडळं आहेत, गणपती-दिवाळी शनिवार-रविवार बघून करतात, आणि गाडीने न्यायला-आणायला कुणीतरी कुटुंब तयार होतंच. वर्षातून दोनदा जा. मनाला बरं वाटतं, आणि वरण-भातही मिळतो.

पार्ट्यांचं फार मनावर घेऊ नकोस. कायद्याने दारूचं वय २१ आहे, तरी ती असते. हातात सोड्याचा ग्लास धरून तासभर उभं राहिलं तरी कुणी विचारत नाही. करमलं नाही तर निघून ये. पार्टीत मैत्री झाली असं सांगणारी मुलं मला कमी भेटली. दुसऱ्या दिवशी उशिराच्या ब्रंचला काल काय झालं ते एकमेकांना सांगताना मैत्री झाली, असं सांगणारी जास्त.

छोटं कॉलेज म्हणजे चाळ. गॅलरीतून सगळ्यांना सगळं दिसतं. कुणाचं कुणाशी बिनसलं, कोण कुणाबरोबर फिरतं, हे दोन दिवसांत पसरतं, आणि ज्याच्याशी बिनसलं तो पुढची चार वर्षं रोज समोर येतो. मोठ्या युनिव्हर्सिटीत माणूस टाळता येतो, इथे येत नाही. म्हणून कुणाशीही अबोला धरू नकोस. राग आला तरी समोर आल्यावर मान हलवून हॅलो म्हणायचं, इतकं धाग्याएवढं ठेव. तिसऱ्या वर्षी त्याच मुलाबरोबर प्रोजेक्ट करायची वेळ येते. आणि कुणाबद्दल तिसऱ्यापाशी बोलताना ते पोचणार आहे असं धरूनच बोल.

पैशाचाही काच असतो, तो कुणी उघड बोलत नाही. या कॉलेजांत महागड्या बोर्डिंग स्कूलमधून आलेली मुलं आणि जवळपास पूर्ण आर्थिक मदतीवर आलेली मुलं एकाच मजल्यावर राहतात. वीकेंडला शिकागोला जाऊ, स्प्रिंग ब्रेकला समुद्रावर जाऊ असं कुणी सहज म्हणतं. "मला या वेळी जमणार नाही, पण आल्यावर भेटू" एवढं म्हणणं पुरेसं आहे, कारण सांगायची गरज नाही. हिवाळी जॅकेट, बूट नसतील तर इंटरनॅशनल ऑफिसात विचार. बऱ्याच कॉलेजांत आधीच्या मुलांनी ठेवून गेलेले कपडे असतात आणि अडीअडचणीचा निधीही असतो. मागायला लाजू नकोस, ते त्यासाठीच आहे.

आता पुढचे दोन महिने कसे जातील ते सांगते, म्हणजे दचकणार नाहीस. नोव्हेंबरपासून दिवस झपाट्याने लहान होतो, डिसेंबरात साडेचार-पावणेपाचला अंधार पडतो. नाशिकहून आलेल्या मुलीला याचा त्रास थंडीपेक्षा जास्त होतो. सकाळच्या उजेडात अर्धा तास बाहेर चाल, कितीही कंटाळा आला तरी. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग. त्या चार दिवसांत कॅम्पस ओस पडतो, डायनिंग हॉलचे तास कमी होतात, आणि आधीच एकटी असलेली मुलं या दिवसांत फार खचतात. त्याची सोय आत्ताच लाव. बऱ्याच कॉलेजांत गावातली यजमान कुटुंबं असतात, इंटरनॅशनल ऑफिस नाव नोंदवून घेतं. मजल्यावरची कुणी घरी चल म्हणाली तर "कशाला तुम्हाला त्रास" न म्हणता जा. जाताना छोटी भेट ने. घरून आणलेलं काही असेल तर उत्तमच. शाकाहारी असशील तर तसं आधी कळव, टर्कीशिवाय टेबलावर खाण्यासारखं पुष्कळ असतं.

एप्रिलच्या सुमाराला आणखी एक अवघड आठवडा येतो, तो रूम ड्रॉचा. पुढच्या वर्षी कोण कुणाबरोबर राहणार हे ठरतं, आणि ज्यांचा ग्रुप नाही त्यांना पोटात गोळा येतो. एकटीची खोली मागणं हा अगदी चांगला मार्ग आहे. किंवा भाषेचं, स्वयंपाकाचं, एखाद्या विषयाचं असं घर असेल तर फेब्रुवारीतच अर्ज कर. अशा घरात दहा-पंधरा माणसं आयतीच मिळतात. तिसऱ्या वर्षी पुन्हा हलतं, कारण तेव्हा बरेच जण एखादं सत्र परदेशात शिकायला जातात; ग्रिनेल, कार्ल्टनसारख्या कॉलेजांत पदवीपर्यंत निम्म्याहून अधिक मुलं असं जाऊन येतात. म्हणजे आज जे घट्ट दिसतंय ते दर वर्षी नव्याने मांडलं जातं.

हे सगळं करूनही जमेना, झोप लागेना, जेवण जाईना, आठवडाभर वर्गाला जावंसं वाटेना, तर तो रुळण्याचा प्रश्न राहत नाही. कॉलेजच्या काउन्सेलिंग सेंटरला जा. ते बहुतेक ठिकाणी फुकट असतं, आणि तिथे बोललेलं तुझ्या परवानगीशिवाय घरी कळवत नाहीत. जिवाला धोका दिसला तरच अपवाद करतात. तुझे मार्कसुद्धा कॉलेज सहसा परस्पर आईवडिलांना सांगत नाही, १९७४ पासून तसा कायदाच आहे. जिवाचं काही बरंवाईट करावं असा विचार मनात आला तर कुठल्याही वेळी ९८८ या नंबरवर फोन किंवा मेसेज कर. आणि आईवडील हे वाचत असतील तर त्यांना एवढंच सांगते: मुलगी "बरी आहे" म्हणत असेल आणि आवाज खाली गेला असेल, तर "आज दिवसभरात कुणाशी बोललीस?" असं विचारा. मार्कांचं नंतर विचारा.

जे अजून अर्ज भरताहेत त्यांनी कॉलेज निवडताना रँकिंगच्या आधी तीन गोष्टी विचाराव्यात: टीममध्ये खेळणारे किती, फ्रॅटर्निटी-सोरॉरिटीत (मुलांच्या आणि मुलींच्या सभासद मंडळांत) किती, आणि शनिवार-रविवारी मुलं कॅम्पसवर थांबतात की घरी जातात. ग्रिनेल आणि कार्ल्टनला फ्रॅटर्निटी नाहीत. इंडियानातल्या डीपॉला बहुसंख्य मुलं त्यात असतात. दोन्हीकडे चांगलं शिक्षण मिळतं, पण शुक्रवारची संध्याकाळ दोन्हीकडे फार वेगळी असते.

राहिला ट्रान्सफरचा प्रश्न. ऑक्टोबरमध्ये ठरवू नकोस. तुला हवा तो विषयच इथे नसेल, म्हणजे इंजिनिअरिंग किंवा नर्सिंग करायचं असेल, किंवा इथे तुला कुणी त्रास देत असेल आणि कॉलेज दाद देत नसेल, तर जरूर जा, मी स्वतः कागद करून देईन असं म्हणेन. पण एकटं वाटतं म्हणून चाळीस हजार विद्यार्थ्यांच्या युनिव्हर्सिटीत गेलीस तर तिथे दुसऱ्या वर्षाची मुलं आधीच जमलेली असतील, आणि तू दिसली नाहीस तर सूप वाढणाऱ्या काकूंनाही कळणार नाही. शिवाय पैशाचा हिशोब मांड. ट्रान्सफर होऊन येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांना आर्थिक मदत फार थोड्या ठिकाणी मिळते, आणि इथली मदत सोडली की ती परत मिळेल असं धरता येत नाही.

तरीही दार बंद करून घेऊ नकोस. ट्रान्सफरचे अर्ज बऱ्याच ठिकाणी मार्च-एप्रिलमध्ये असतात. फेब्रुवारीच्या मध्याला, नवं सत्र तीन-चार आठवडे चालल्यावर, पुन्हा विचार कर. जायचं ठरलं तर दोन प्राध्यापकांची शिफारसपत्रं लागतील, हायस्कूलचे आणि इथले ट्रान्सक्रिप्ट लागतील, आणि आय-२० (व्हिसासाठी कॉलेज देतं तो कागद) नव्या कॉलेजकडे नेण्यासाठी इंटरनॅशनल ऑफिसला वेळेत सांगावं लागेल. ज्या प्राध्यापकांकडे ती पत्रं मागशील त्यांच्या ऑफिस अवर्सना याच आठवड्यापासून जायला लाग.